टेबल नंबर अकरा

शेवटचं गिऱ्हाईक सव्वाबाराला उठलं,
बडीशेप चघळत म्हणालं, आज घाई दिसतेय तुमची.
होती.
अर्धं शटर ओढलं. द्वारकेवरच्या ट्रकांचा आवाज
तरी गुडघ्याखालून आत येत राहिला.

अकरा नंबरवर जमलो, कारण तिथल्या दिव्याचं बटण वेगळं आहे,
बाकीचं हॉटेल अंधारात ठेवता येतं.
एकोणीस जण. इंदुबाई गांगुर्डे ओले हात पदराला पुसत,
दिलबहादूर तंदूरची राख झटकून,
आणि सातपूरहून स्कूटरवर आलेले युनियनचे सानपभाऊ.
त्यांना पाणी द्यायला
सगळेच एकदम उठलो. सवय.

करार वाचायला मला सांगितलं.
चौदा वर्षं मी मेनू म्हणतोय, एका दमात,
पनीर हंडी पनीर टिक्का पनीर अंगारा,
तसाच सुटलो:
पगार सात तारखेच्या आत आठवड्याला एक सुट्टी रात्री अकरानंतर दुप्पट
थांब रे, इंदुबाई म्हणाल्या,
कुणाला गाडी पकडायची नाहीये.

हळू वाचलं.
हळू वाचल्यावर कळलं, वाढ बाराशेची आहे.
मागितले होते अडीच हजार.
सानपभाऊ चष्मा पुसत राहिले.
तीन वर्षांसाठी, म्हणाले.
तीन वर्षांनी माझी पोरगी बारावीला असेल.
प्रत्येकाने आपापला हिशोब केला असणार,
तेवढा वेळ फक्त पंखा बोलत होता.

इंदुबाईंचा प्रश्न एकच:
फुटलेल्या कपाचं काय?
कलम नऊ. काम करताना हातून फुटलेल्या वस्तूचे पैसे
पगारातून कापले जाणार नाहीत.
परत वाच.
वाचलं.
अजून एकदा, म्हणाल्या, आणि डोळे मिटून ऐकलं.

कलम बारा मात्र मी पुन्हा मेनूसारखं वाचलं. मुद्दाम.
एकशेऐंशी दिवस न भरलेल्यांना हा करार लागू नाही.
यशवंत भोये, सुरगाण्याचा, दिवाळीनंतर लागलेला,
तेव्हाच मोरीतून ग्लासांचा ट्रे घेऊन येत होता.
ट्रे ठेवला.
एक ग्लास वाजला नाही.

ऑर्डरच्या पॅडमधून चिठ्ठ्या फाडल्या,
वर छापलेलं: टेबल क्र., वेटर, नग.
हो किंवा नाही, नगाच्या रकान्यात.
डबा टिपचाच.
हिंदीत लिहिलं तर चालेल का, दिलबहादूरने विचारलं.
चालेल.
मी 'हो' लिहिलं, पेन्सिल इतकी दाबून
की उलट्या बाजूने बोटाला लागावं.

सोळा हो. दोन नाही.
एका चिठ्ठीवर कुणीतरी लिहिलेलं: दोन चहा, एक बिनसाखर.
ती बाद. सगळे हसलो. काउंटरमागे
गल्ला पुन्हा पुन्हा मोजणारे शेठही हसले.

सह्यांना बसलो तर टेबल हललं.
ते हलतंच. रस्सा सांडतो, गिऱ्हाईक ओरडतं,
मॅनेजर म्हणतो सुतार येणार आहे.
पहिली सही सानपभाऊंची, तीच वाकडी आली.

चिठ्ठ्या फाडल्या होत्या वीस.
मीच फाडलेल्या.
एक कोरी पडून होती.
यशवंतने ती उचलली, चार घड्या घातल्या,
वाकून पायाखाली सरकवली,
टेबल दोन्ही हातांनी हलवून पाहिलं.
आता करा, म्हणाला.

केल्या. इंदुबाईंनी अंगठा नाही लावला,
नाव लिहिलं, आडनावाची रेघ कागदाबाहेर गेली.

पावणेदोन. सगळे गेले.
तो हॉटेलातच झोपतो, तीन खुर्च्या जोडून.
सायकलचं कुलूप काढता काढता विचारलं,
किती दिवस भरले रे तुझे?
मोजले नव्हते, म्हणाला.
शंभराच्या वर असतील, मी म्हणालो.
असतील, म्हणाला,
आणि अकरा नंबरचा दिवा बंद केला.